फेंडरवरचे स्टिकर : नॅस्कारच्या गाड्या आणि स्पेअर पार्टच्या जाहिराती

छोटी_गाडी

नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतली मोटार शर्यतींची संघटना, हिच्या १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीतल्या दोन गाड्यांची १/२४ मापाची मॉडेलं करायची आहेत. रिचर्ड पेटीची ४३ नंबरची एसटीपी डॉज चार्जर आणि डेव्हिड पिअर्सनची, वुड ब्रदर्स संघाची २१ नंबरची प्युरोलेटर मर्क्युरी. मोठी नावं आणि नंबर यांची अडचण नाही. घोळ आहे तो पुढचं चाक आणि दरवाजा यांच्यामधल्या बारीक स्टिकरांचा. प्लग, पिस्टन रिंग, शॉकअप, ब्रेक लायनर अशा डझनावारी कंपन्या दिसतात. या कंपन्या नक्की कशाचे पैसे देत होत्या? स्टिकर लावण्याचे की माल वापरण्याचे? आणि एका गाडीवर दोन प्लगवाले चालत होते का? माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

गॅस्केट

त्या बारीक स्टिकरांमागच्या व्यवस्थेला तिकडे काँटिंजन्सी म्हणतात. आपल्याकडे सरळ 'अटीचं बक्षीस' म्हणता येईल. बॉनेटवरचं मोठं नाव आणि फेंडरवरचं छोटं नाव यांचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात, हे आधी डोक्यात पक्कं असू द्या.

मोठं नाव म्हणजे प्रायोजक. तो संघाशी वर्षाचा करार करतो. गाडी जिंको, न जिंको, ठरलेली रक्कम मिळते.

छोटं नाव म्हणजे बक्षीस लावणारी कंपनी. ती आधीच जाहीर करते की अमुक शर्यतीत आमच्या अटी पाळून जो पहिला येईल त्याला इतके डॉलर. संघाने नाव नोंदवायचं, स्टिकर ठरल्या जागी लावायचं, शर्यत संपेपर्यंत ते टिकवायचं आणि नंतरच्या तपासणीत खरं उतरायचं. यातली एक पायरी चुकली तर पैसे गेले. काही योजनांत विजेत्याकडे स्टिकर नसेल तर त्याच्यामागे आलेल्या पात्र गाडीला रक्कम जाते, काहींत ती दिलीच जात नाही.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही प्रकार होते. काही कंपन्यांना फक्त स्टिकर पुरायचं. काहींची अट होती की माल गाडीत बसवलेलाच हवा. प्लग काढून दाखवता येतो, शॉकअप बाहेरूनच दिसतो, तिथे तपासणी सोपी. पिस्टन रिंगसाठी इंजिन उघडावं लागतं. म्हणून स्टिकर दिसलं म्हणजे तोच माल आत होता, असं फोटोवरून कधीच ठरवू नका.

जुनी_डायरी

याची मुळं नॅस्कारच्या नियमांत आहेत. १९ जून १९४९ ला शार्लटमध्ये 'स्ट्रिक्टली स्टॉक' नावाने पहिली शर्यत झाली. नावाप्रमाणे गाडी शोरूममधून निघाली तशीच हवी. फोर्डवाला ग्लेन डनअवे पहिला आला, पण तपासणीत मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला आणि त्याला बाद केलं. जिंकला म्हणून लिंकनवाल्या जिम रोपरचं नाव लागलं. थोडक्यात, कुठला सुटा भाग चालतो आणि कुठला नाही, यावर पहिल्याच दिवशी निकाल फिरला.

पुढच्या वर्षी ४ सप्टेंबर १९५० ला डार्लिंग्टनला पहिली सदर्न ५००. ७५ गाड्या. रस्त्यावरचे टायर त्या वेगाला आणि त्या उन्हाला टिकेनात, भराभर फुटू लागले. जॉनी मँट्झची प्लिमथ पात्रता फेरीत सगळ्यात हळू होती, पण टायर कडक असल्याने ती थांबली कमी आणि जिंकली. टायर कंपन्यांना यापेक्षा चांगली जाहिरात काय हवी होती? दोनच वर्षांनी प्युअर ऑइलने स्टॉक कारसाठी खास टायर आणला.

हडसन या मोटार कंपनीने तर नियमाच्याच आधाराने सुट्या भागांचं दुकान मांडलं. भाग कॅटलॉगमध्ये असला की तो 'स्टॉक' धरला जायचा. मग कंपनीने 'सिव्हिअर यूसेज', म्हणजे खडतर वापरासाठी, असं नाव देऊन जाड हब, मजबूत स्पिंडल असे भाग कॅटलॉगमध्ये घातले. दोन कार्ब्युरेटरवालं 'ट्विन एच पॉवर'ही विकायला ठेवलं. ३०८ घनइंचाचं, सहा सिलिंडर ओळीत असलेलं इंजिन, आणि १९५२ मध्ये ३४ पैकी २७ शर्यती हडसनच्या. गिऱ्हाईक काउंटरवर जाऊन तोच भाग मागू शकत होतं. सुट्या भागाची इतकी सरळ जाहिरात मला पुढच्या कुठल्याच काळात दिसत नाही.

गॅस्केट

यात कार्ल कीकहेफरचं नाव हवंच. तो मर्क्युरी आउटबोर्ड इंजिनं बनवायचा, म्हणजे बोटींची. त्याने १९५५ आणि १९५६ मध्ये क्रायस्लर ३०० गाड्यांचा संघ उतरवला. माणसांना एकसारखे गणवेश, गाड्या वाहायला झाकलेले ट्रक, सगळ्यांवर कंपनीचं नाव. दोन्ही वर्षी विजेतेपद त्याच्याच ड्रायव्हरांचं : टिम फ्लॉक आणि मग बक बेकर. इतक्या मोठ्या प्रमाणावर अख्खा संघच जाहिरातीचा फलक करणारा पहिला तोच.

१९५७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मोटार कारखानदारांच्या संघटनेने शर्यतींतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. उघड मदत बंद झाली (छुपी चालूच राहिली) आणि संघांच्या लेखी प्लग, तेल, टायरवाल्यांच्या पैशाचं वजन वाढलं.

छोटी_गाडी

धन्यवाद. एकाच गाडीवर दोन प्लगवाले, हे राहिलं.

गॅस्केट

माल वापरायची अट असेल तर दोन्ही लावून उपयोग नाही, सिलिंडरमध्ये प्लग एकाच कंपनीचा जाणार. शिवाय बॉनेटवरचा प्रायोजक फेंडरवर प्रतिस्पर्धी खपवून घेत नाही. प्युरोलेटरचं नाव मिरवणाऱ्या गाडीवर दुसऱ्या फिल्टरवाल्याचं स्टिकर म्हणजे करारालाच धक्का. म्हणून संघाचा माणूस दर हंगामाला यादी घेऊन बसतो : या बक्षिसाची रक्कम किती, आपल्या प्रायोजकाशी भांडण होतं का, आपण तो माल वापरतो का. जमतील ती स्टिकरं लावायची, उरलेल्या पैशांवर पाणी सोडायचं.

तुमच्या मॉडेलसाठी याचा उपयोग असा : डिकॅल शीटवर (डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर लावायचं स्टिकर) पाच प्लग कंपन्या छापल्या असतील, तर त्या 'निवडा' म्हणून आहेत. सगळ्या लावल्यात तर गाडी खोटी दिसेल.

शार्लटकर

एसटीपी आणि पेटीबद्दल लिहितो, कारण इथे प्रायोजकाचा रंग हाच वादाचा मुद्दा झाला.

एसटीपी हे तेलात घालायचं औषध. १९५४ मध्ये मिसुरीतल्या सेंट जोसेफ गावी सुरुवात. १९६१ मध्ये स्टुडबेकरने कंपनी घेतली आणि पुढे कंपनीचा प्रमुख अँडी ग्रॅनाटेलीने ते लंबगोल स्टिकर देशभर नेलं. १९७२ च्या हंगामाआधी पेटी आणि ग्रॅनाटेली शिकागोत करारासाठी बसले. ग्रॅनाटेलीला अख्खी गाडी एसटीपीच्या झगझगीत लाल रंगात हवी होती. पेटी घराण्याच्या गाड्या त्यांच्या ठरावीक फिक्या निळ्या. कोणी हटेना. शेवटी लाल आणि निळा दोन्ही ठेवायचं ठरलं. अख्खी गाडी लाल केलीस तर ५०,००० डॉलर जादा, हेही पुढे ठेवलं होतं, ते पेटीने नाकारलं. तोटा कोणाचाच झाला नाही. दोन रंगांमुळे गाडी लांबूनही ओळखू यायची आणि जोडी वीस वर्षं टिकली.

वर्षही लक्षात घ्या. १९७१ च्या जानेवारीपासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या आणि विन्स्टन सिगारेटवाल्यांचा पैसा नॅस्कारच्या मुख्य मालिकेत आला. १९७२ पासून शर्यती कमी करून ३१ वर आणल्या. कमी शर्यती, मोठी गर्दी, जास्त वर्तमानपत्रं. एसटीपी आणि प्युरोलेटर यांनी बॉनेट घेतलं ते नेमकं या काळात.

आता १५ फेब्रुवारी १९७६. शेवटची फेरी. पिअर्सन मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी पेटीला ओलांडतो. चौथ्या वळणातून बाहेर पडताना पेटी आतून परत पुढे घुसतो, पण गाडी पुरती पुढे जायच्या आत टेकते. दोघंही भिंतीवर. पेटीची गाडी फिरत आतल्या गवतात थांबते, अंतिम रेषेपासून शंभर फुटांच्या आत, आणि इंजिन बंद पडतं. पिअर्सनने आदळताना क्लच दाबून धरला होता आणि इंजिन रेस करत ठेवलं होतं. ते चालू राहिलं. मोडक्या बॉडीचा पत्रा घासत ताशी वीसेक मैलांनी त्याने रेषा ओलांडली. पेटीच्या माणसांनी धावत जाऊन गाडी ढकलली, त्याबद्दल एका फेरीचा दंड झाला, तरी तो दुसराच राहिला.

फिल्टरवाला पहिला, तेलाच्या औषधाचा दुसरा. दोन्ही गाड्या चेपलेल्या, आणि दोन्ही नावं दुसऱ्या दिवशीच्या फोटोत स्पष्ट वाचता येणारी. बॉनेटवरच्या नावाची किंमत त्या फोटोने ठरवली असं माझं मत.

रंगपेटी

१९७६ चीच गाडी हवी असेल तर त्याच शर्यतीचे, आणि जमलं तर आदळण्याआधीचे, दोन्ही बाजूंचे फोटो मिळवा. डाव्या-उजव्या बाजूची स्टिकरं सारखी असतीलच असं नाही. लाल-निळ्याची विभागणी वर्षागणिक बदलली, आणि बाजारातल्या शीटवर बऱ्याचदा दोन-तीन वर्षांची सरमिसळ असते.

रंगाचा क्रम : आधी पांढरा प्रायमर आणि त्यावर शुद्ध पांढरा. झगझगीत लाल रंग अर्धपारदर्शक असतो, खाली राखाडी राहिला तर विटकरी दिसतो. लालाचे तीन-चार पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. जाड एक हात दिला तर कडेला साचतो आणि तिथे गडद पट्टा उमटतो. पूर्ण सुकल्यावर लाल भाग टेपने झाकून निळा. उलटं करू नका, निळ्यावर लाल चढवला की जांभळट पडतो.

फ्लुरोसंट रंग वाळल्यावर खरखरीत, मॅट होतो. डिकॅल थेट त्यावर लावला की खाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. म्हणून आधी चकचकीत क्लिअरचे (पारदर्शक लॅकरचे) दोन हात आणि निदान २४ तास विश्रांती, दमट हवेत ४८.

फेंडरची स्टिकरं शीटवर एकाच फिल्मवर रांगेने छापलेली असतात. तशीच एका पट्टीत लावली तर पट्टी दिसते. नव्या ब्लेडने एकेक सुटं कापा, छपाईच्या कडेला अर्धा मिलिमीटर ठेवून. कोमट पाण्यात २० ते ३० सेकंद, मग बाहेर काढून कागदावर मिनिटभर, आपोआप सरकेपर्यंत. जास्त भिजवलं तर डिंक निघून जातो. खाली सेटिंग द्रव, जागेवर बसलं की वरून मऊ करणारा द्रव अगदी थोडा. त्यानंतर स्टिकर सुरकुततं. हात लावू नका, सुकताना ताणून बसतं. याच वेळी घाबरून बोट लावल्याने सगळ्यात जास्त डिकॅल फाटतात.

आधी मोठा नंबर आणि प्रायोजक, मग बारीक. रांग सरळ येण्यासाठी टेपची पट्टी जमिनीला समांतर लावून तिच्या वर बसवा. फेंडरच्या वाकाला धरून गेलात तर रांग तिरकी होते. शेवटचा क्लिअर पहिल्यांदा धुक्यासारखा, कोरडा. ओला लॅकर एकदम मारला तर डिकॅल चुरगळतो. आणि क्लिअर अतिनील किरण रोखणारा घ्या, तो लाल रंग उन्हात फार लवकर उडतो.

जुनी_डायरी

रंगपेटी, उत्तम. जुनं शीट पिवळं पडलं असेल तर?

रंगपेटी

पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस खिडकीच्या काचेला, छपाई उन्हाकडे करून चिकटवा, बराचसा पिवळेपणा जातो. मग कोपऱ्यातलं नको असलेलं एक स्टिकर पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर अख्ख्या शीटवर डिकॅल फिल्मचा द्रव एक हात लावून रात्रभर सुकवा. आता फिल्म सलग झालेली असते, म्हणून प्रत्येक स्टिकर कडेने कापावंच लागेल.

तेल_पाणी

शार्लटकर, फोटोने किंमत ठरते हे मान्य. पण माल चांगला आहे हे त्याने ठरत नाही, हेही धाग्यात नोंदलेलं असावं. १९७८ मध्ये एसटीपीला फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी आयोगाबरोबरच्या तडजोडीत ५ लाख डॉलर दंड भरावा लागला, आणि त्याची जाहीर कबुली देणाऱ्या जाहिराती स्वतःच्या खर्चाने छापाव्या लागल्या. तेल कमी जळतं या दाव्यामागच्या चाचण्या भरवशाच्या नव्हत्या, हा मुद्दा होता. त्याच काळात पेटी त्याच नावाने शर्यती जिंकत होता. त्या विजयांनी त्या दाव्याची कसलीच खात्री दिली नव्हती.

टायरचं उलट आहे. तिथे माल डोळ्यांसमोर परीक्षेला बसतो. १९८८ मध्ये हूजियर ही छोटी कंपनी गुडइयरसमोर उभी राहिली आणि शर्यती जिंकू लागली. दोन कंपन्या एकमेकींवर मात करायला निघाल्या की रबर मऊ होत जातं. पकड वाढते, आयुष्य घटतं. १९८९ च्या डेटोना ५०० मधून गुडइयरने आपले नवे रेडियल प्रकारचे टायर मागे घेतले, आणि एप्रिलमध्ये नॉर्थ विल्क्सबरोला परत आणले. ती शर्यत डेल अर्नहार्टने त्याच रेडियलवर जिंकली. १९९४ मध्ये हूजियर पुन्हा आली आणि गेली. १९९७ पासून गुडइयर एकटीच. तेव्हापासून टायरवरचं नाव 'आम्ही जिंकलो' असं म्हणू शकत नाही, कारण हरणाऱ्यांकडेही तोच टायर असतो.

शार्लटकर

रास्त मुद्दा. कार्ब्युरेटरचंही तेच होतं. २०११ पर्यंत सगळ्या गाड्या हॉली कंपनीच्या चार बॅरलच्या कार्ब्युरेटरवर धावल्या. २०१२ पासून फ्युएल इंजेक्शन आलं आणि त्याचा संगणक मॅक्लॅरनचा. हॉलीला तिथे प्रतिस्पर्धी नव्हता, पण तिचं गिऱ्हाईक होतं. गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर धावणाऱ्या माणसाला त्याच घराण्यातला कार्ब्युरेटर दुकानात मिळायचा आणि जेट बदलायची पद्धतही तीच.

काउंटर_नंबर_२

सुट्या भागांच्या विक्रीच्या बाजूने थोडं. १९८० च्या शेवटाकडे बॉनेटवरची नावं बदलू लागली. भाग बनवणाऱ्याऐवजी भाग विकणारा आणि गाडी दुरुस्त करून देणारा पुढे आला. १९८८ पासून अर्नहार्टच्या काळ्या ३ नंबरवर जीएम गुडरेंच. ही जनरल मोटर्सची सर्व्हिस, म्हणजे डीलरकडे गाडी टाका, एवढंच सांगणं. १९९१ पासून डॅरेल वॉलट्रिपच्या १७ नंबरवर वेस्टर्न ऑटो, ही दुकानांची साखळी. १९९२ पासून जो गिब्जच्या संघाच्या १८ नंबरवर इंटरस्टेट बॅटरी, आणि १९९३ ची डेटोना ५०० त्यांच्याच डेल जॅरेटने जिंकली.

कारण सरळ आहे. फिल्टर बनवणाऱ्याला एका फिल्टरवर मिळून मिळून किती मिळणार? दुकानदार त्याच गिऱ्हाइकाला फिल्टर, तेल, ब्रेक पॅड, बॅटरी सगळं देतो. नापा या सुट्या भागांच्या दुकानांच्या साखळीचं उदाहरण घ्या. नाव १९२५ पासूनचं. त्यांची बरीच दुकानं स्थानिक मालकांची, आणि खरं गिऱ्हाईक म्हणजे गल्लीतला गॅरेजवाला. त्याला शर्यतीचं तिकीट, पिटमध्ये फेरी, ड्रायव्हरसोबत फोटो मिळाला की पुढच्या वर्षभराची ऑर्डर हलत नाही. प्रायोजकत्वातला मोठा खर्च या पाहुणचारावर जातो, टीव्हीवर तो दिसत नाही.

२००१ ची डेटोना ५०० नापाच्या १५ नंबरवर मायकेल वॉलट्रिपने जिंकली. त्याच शर्यतीच्या शेवटच्या वळणावर अपघातात अर्नहार्टचा मृत्यू झाला, त्यामुळे त्या विजयाची जाहिरात कोणी मनापासून करू शकलं नाही.

आणि नाव बिघडण्याची भीतीही तितकीच खरी. सप्टेंबर २०१३, रिचमंड. मायकेल वॉलट्रिप रेसिंगवर निकाल फिरवल्याचा ठपका आला. ३ लाख डॉलर दंड, ५० गुण वजा, आणि मार्टिन ट्रुएक्सचं अंतिम फेरीतलं स्थान गेलं. त्याच्या गाडीवर नापा होतं. हंगाम संपताच नापा बाहेर पडलं आणि २०१४ मध्ये चेस एलियट नावाच्या पोराच्या ९ नंबरवर गेलं, तेही खालच्या मालिकेत. पोराने त्याच वर्षी ती मालिका जिंकली आणि २०२० मध्ये वरचीही.

आता २०२६ पासून त्या खालच्या मालिकेचंच नाव ओ'रायली ऑटो पार्ट्स झालं आहे. ट्रकांच्या मालिकेवर क्राफ्ट्समन, म्हणजे पाने-पकडी, २०२३ पासून परत आलं आहे.

(अवांतर : आपला नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये याच ट्रक मालिकेत धावला होता.)

गॅस्केट

आणि फेंडरच्या स्टिकरांचं आज काय, तर २०२२ मध्ये नॅस्कारने सगळ्या संघांसाठी आणलेल्या नव्या गाडीने त्यांचा पायाच काढून घेतला. गिअरबॉक्स सगळ्यांचा एक्सट्रॅक, ब्रेक एपी रेसिंग, शॉकअप ओलिन्स, चाकं बीबीएस, १८ इंची आणि पाच नटांऐवजी एका नटाची. संघ निवडतच नाही, तर 'आमचा माल निवडून जिंकलास' असं बक्षीस शॉकअपवाला कुणाला देणार? त्याची स्पर्धा आता ट्रॅकवर नाही, ती निविदेच्या टेबलावर झाली. खर्च आवरायला हे गरजेचं होतं हे मला पटतं, पण स्पेअर पार्टवाल्याला जिंकण्याशी जोडणारा धागा तुटला याचं वाईटही वाटतं.

त्याच वर्षी दरवाजावरचा नंबर पुढच्या चाकाकडे सरकवला, मागच्या चाकापुढे प्रायोजकाला जागा व्हावी म्हणून. जुन्या गाडीचं मॉडेल करताना हे विसरू नका : १९७६ चा नंबर दरवाजाच्या मधोमध.

छोटी_गाडी

सगळ्यांचे आभार. शीटवर प्लगच्या चार कंपन्या आहेत. त्यातली फोटोत दिसते ती एकच कापून घेतो. एक शंका : २१ नंबरच्या मर्क्युरीला लाल-पांढऱ्याची हद्द आहे, तिथेही आधी लालच का?

रंगपेटी

नाही. तो साधा लाल, झाकणारा. तिथे आधी पांढरा, मग हद्दीवर टेप, टेपच्या कडेवर परत पांढऱ्याचाच एक पातळ हात म्हणजे फट बुजते, आणि मग लाल. टेप लाल अर्धवट ओला असतानाच, मागे दुमडून काढा. पूर्ण वाळू दिलात तर कड तुटते.